कुठल्या प्रश्नाला किती मार्क? पेपर काढताना हे गणित कुठून सुरू करायचं

पेपर काढणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. आधी प्रश्न लिहित सुटायचं, पंचवीस-तीस झाले की थांबायचं आणि मग रात्री उशिरा मार्क वाटायला बसायचं. बेरीज येते ४७. मग उरलेले ३ मार्क कुठेतरी खपवायचे म्हणून एखाद्या प्रश्नाला चिकटवले जातात, आणि नेमका तोच प्रश्न एका ओळीत उत्तर संपणारा असतो. मुलं बिचारी त्या एका ओळीचं पानभर करतात, कारण समोर ५ मार्क दिसतायत म्हणजे अजून काहीतरी लिहायचं राहिलं असणार असं त्यांना वाटतं.

क्रम उलटा हवा. आधी धड्यांना मार्क, मग प्रश्नांच्या प्रकारांना, मग प्रश्न लिहायचा आणि लगेच त्याचं उत्तर स्वतः लिहून बघायचं की या उत्तरात मी किती ठिकाणी वेगळा टिकमार्क मारू शकतो. जेवढे टिकमार्क तेवढे मार्क. प्रश्न "मोठा वाटतो" किंवा "अवघड आहे" म्हणून मार्क द्यायचे नसतात, हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

## सुरू करायच्या आधी

एका कागदावर चार गोष्टी लिहा: एकूण मार्क, एकूण वेळ, धडे आणि प्रत्येक धड्याला दिलेल्या तासिका, आणि पेपर तपासणार कोण. शेवटची गोष्ट लोक लिहितच नाहीत. तुम्ही एकटेच तपासणार असाल तर थोडंफार डोक्यात ठेवून चालतं, पण दुसरं कोणी तपासणार असेल तर मार्कांची फोड कागदावरच पाहिजे, नाहीतर एकाच उत्तराला एक जण ३ देतो आणि दुसरा १.

सोबत एक्सेलची कोरी शीट किंवा चौकटीची वही, काहीही चालेल. पहिला आराखडा मी अजूनही पेन्सिलनेच करते कारण खोडाखोड भरपूर होते.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. विज्ञानाचा पेपर, ५० मार्क, २ तास, चार धडे: विद्युतधारा ९ तासिका, उष्णता ६, प्रकाश ६, मोजमाप ३. एकूण २४ तासिका.

## घाईत असाल तर: सगळ्या प्रश्नांना सारखे मार्क

छोटी टेस्ट आहे, सगळे प्रश्न एकाच जातीचे आहेत, तर एवढा खटाटोप नको. एकूण मार्क भागिले प्रश्न. ५० मार्क आणि २५ प्रश्न, प्रत्येकी २, विषय संपला. भानगड तेव्हा होते जेव्हा १०० मार्क आणि ३० प्रश्न असतात, भागाकार येतो ३.३३, आणि मग लोक ३.३३ च लिहून टाकतात. ३० गुणिले ३.३३ म्हणजे ९९.९, सगळं बरोबर सोडवणाऱ्या मुलालाही १०० मिळत नाहीत आणि तो विचारायला येतो की माझा ०.१ कुठे गेला. बरोबरच आहे त्याचं.

यातून बाहेर पडायचे रस्ते असे. एक, प्रश्नांची संख्या बदला, १०० ला २०, २५, ५० ने नीट भाग जातो. दोन, प्रश्न ३० च हवेत तर पेपर ९० चा किंवा १२० चा करा आणि शेवटी टक्के काढा. तीन, सगळे प्रश्न कमी मार्कांचे समजून चाला: ३० प्रश्न प्रत्येकी ३ चे धरले तर ९० झाले, उरले १०, म्हणजे १० प्रश्न ४ चे करा. २० गुणिले ३ अधिक १० गुणिले ४, झाले १००. ते १० कुठले हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवू नका, ज्यांच्या उत्तरात एक पायरी जास्त आहे तेच निवडा.

हीच "सगळे कमी मार्कांचे समजा" युक्ती पुढे परत लागणार आहे, लक्षात ठेवा.

सावध: प्रश्न जितके कमी तितका एक चुकीचा प्रश्न महाग. १० प्रश्नांच्या टेस्टमध्ये एक चूक म्हणजे सरळ १० टक्के गेले. ५ प्रश्नांच्या टेस्टवरून कोण हुशार आणि कोण कच्चा हे ठरवायला जाऊ नका.

## पायरी १: धड्यांना मार्क वाटा

धड्याच्या तासिका भागिले एकूण तासिका, गुणिले एकूण मार्क. आपल्या उदाहरणात:

विद्युतधारा: ९ ÷ २४ × ५० = १८.७५
उष्णता: ६ ÷ २४ × ५० = १२.५
प्रकाश: १२.५
मोजमाप: ३ ÷ २४ × ५० = ६.२५

आता इथे पाय घसरतो. सगळे आकडे नेहमीसारखे जवळच्या पूर्णांकात घेतले तर १९, १३, १३, ६. बेरीज करून बघा. ५१ येते! प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर आणि बेरीज चुकीची, त्यामुळे शोधूनही चूक सापडत नाही.

योग्य पद्धत अशी: आधी सगळ्यांचा अपूर्णांक कापून टाका, १८, १२, १२, ६, झाले ४८. दोन मार्क उरले. ते ज्यांचा कापलेला तुकडा सगळ्यात मोठा त्यांना एकेक करून द्या. विद्युतधारेचा ०.७५ सगळ्यात मोठा, त्याला एक, झाले १९. उरलेल्या एकासाठी उष्णता आणि प्रकाश दोघांचा तुकडा ०.५, बरोबरी. इथे गणित संपतं आणि शिक्षकाचं डोकं सुरू होतं. मी उष्णतेला दिला, कारण त्या धड्यात लहान लहान मुद्दे जास्त आहेत आणि एखादा सुटा मार्क तिथे सहज बसतो. शेवटी १९, १३, १२, ६, बेरीज ५०.

आता तासिका म्हणजे महत्त्व असं दरवेळी नसतं हेही खरं. एखादा धडा सुट्ट्यांमुळे नाहीतर मुलांना कळत नव्हता म्हणून रेंगाळलेला असतो, त्याला ९ तासिका लागल्या तरी त्याचं वजन तेवढं नसतं. असं असेल तर दोन-तीन मार्क इकडचे तिकडे करा, पण आत्ता करा, प्रश्न लिहून झाल्यावर नको. प्रश्न एकदा लिहिले की आपला त्यांच्यावर जीव जडतो आणि मग तक्ता प्रश्नांच्या मागे फरफटत जातो.

तपासा: चारही आकड्यांची बेरीज नेमकी एकूण मार्कांएवढी आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: वेळेवरून मोठे प्रश्न किती हे ठरवा

२ तास म्हणजे १२० मिनिटं. त्यातली १० पेपर वाचायला, १० शेवटी परत नजर फिरवायला, उरली १००. ५० मार्कांना १०० मिनिटं म्हणजे मार्काला २ मिनिटं. हा आकडा पेपरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

म्हणजे ४ मार्कांच्या प्रश्नाला मुलाकडे ८ मिनिटं आहेत. तुम्ही स्वतः तो प्रश्न घड्याळ लावून, मुलांनी लिहावं तसं पूर्ण लिहून सोडवा. शिक्षकाला लागतो त्याच्या साधारण तिप्पट वेळ मुलाला लागतो, असा हिशोब धरायचा. तुम्हालाच पावणेतीन मिनिटांच्या वर लागत असेल तर तो प्रश्न ४ मार्कांत बसत नाही, एकतर त्यातला एक भाग काढा नाहीतर मार्क वाढवा. मनातल्या मनात सोडवलं तर धरू नका, मनात सगळेच प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात.

मोठे प्रश्न आधी ठरवायचे याचं कारण सोपं आहे, पिशवीत आधी मोठी वस्तू ठेवली की फटींमध्ये लहान वस्तू बसतात, उलटं केलं तर नाही. आपण ४ मार्कांचे ५ प्रश्न घेऊ, झाले २०. उरले ३०. आता आपल्याला १ आणि २ मार्कांचे मिळून २० प्रश्न हवेत, तर कुठले किती? परत तीच युक्ती. सगळे २० प्रश्न १ मार्काचे समजा, २० मार्क झाले, ३० मधले १० कमी पडतात. १ चा प्रश्न २ चा केला की एक मार्क वाढतो, म्हणजे १० प्रश्न २ चे. उत्तर: १ मार्काचे १०, २ मार्कांचे १०, ४ मार्कांचे ५. एकूण २५ प्रश्न, ५० मार्क.

सावध: काही जोड्या कधीच जुळत नाहीत. फक्त २ आणि ४ मार्कांचे प्रश्न घेऊन ४५ मार्कांचा पेपर जन्मात होणार नाही, कारण सम आकड्यांची बेरीज विषम येत नाही. फक्त ३ आणि ६ घेतले तर ५० होणार नाहीत, ५० ला ३ ने भाग जात नाही. लोक अर्धा तास आकडे इकडून तिकडे हलवत बसतात आणि मग वैतागून एका प्रश्नाला दीड मार्क देतात. त्यापेक्षा १ मार्काचा एक प्रकार ठेवलात की कुठलीही बेरीज जुळते.

## पायरी ३: तक्ता भरा

यालाच संविधान तक्ता म्हणतात, नावाला घाबरू नका. उभ्या रांगेत धडे, आडव्या रांगेत ४, २ आणि १ मार्कांचे प्रश्न. प्रत्येक चौकटीत किती प्रश्न ते भरायचं, आणि दोन्ही बाजूंची बेरीज एकदम जुळायला हवी.

आपल्या पेपरचा तक्ता:

विद्युतधारा (१९): ४ चे २, २ चे ४, १ चे ३
उष्णता (१३): ४ चा १, २ चे ३, १ चे ३
प्रकाश (१२): ४ चे २, २ चा १, १ चे २
मोजमाप (६): ४ चा एकही नाही, २ चे २, १ चे २

४ च्या रांगेची बेरीज ५, २ च्या रांगेची १०, १ च्या रांगेची १०. जमलं.

पहिल्याच फटक्यात जमत नाही, माझंही नाही जमलं, प्रकाशाच्या ओळीत दोनदा खोडलं. कुठे अडलं तर अदलाबदल करायची: एका धड्यातला ४ चा एक प्रश्न काढून तिथे २ चे दोन टाकायचे आणि दुसऱ्या धड्यात बरोबर उलटं करायचं. धड्यांचे मार्क हलत नाहीत आणि प्रकारांची संख्याही हलत नाही.

## पायरी ४: प्रश्न लिहा, उत्तर लिहा, टिकमार्क मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या तासाभरात होतात, या पायरीला अख्खी संध्याकाळ लागते आणि लागू द्या.

एक प्रश्न जवळून बघू. "२ ओहम आणि ४ ओहमचे दोन रोध एकसर जोडणीत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले आहेत. ४ ओहमच्या रोधात खर्च होणारी शक्ती काढा."

उत्तर लिहू. एकूण रोध २ + ४ = ६ ओहम. विद्युतधारा १२ ÷ ६ = २ अँपिअर. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, २ × २ × ४ = १६ वॅट.

आता टिकमार्क कुठे कुठे? एकसर जोडणीत रोधांची बेरीज करायची हे कळलं आणि ६ काढले, १. धारा काढली, १. शक्तीचं योग्य सूत्र निवडलं आणि त्यात त्या रोधाचीच किंमत घातली, १. बरोबर उत्तर एककासह, १. झाले ४. म्हणजे हा प्रश्न ४ मार्कांचा आहे, तो "मध्यम अवघड" आहे म्हणून नाही तर चार वेगळ्या गोष्टी त्यात तपासता येतात म्हणून.

प्रश्न २ मार्कांचा छापला असता तर? मग प्रत्येक टिकमार्क अर्ध्या मार्काचा, आणि तपासताना कोणी अर्धा देतं, कोणी "जाऊ दे" म्हणून एक देतं. ६ मार्कांचा छापला असता तर दोन मार्क हवेतच लटकले असते, आणि ते शेवटी जातात अक्षर चांगलं असणाऱ्याला.

मग चुका कुठल्या येणार तेही आत्ताच लिहून ठेवा. या प्रश्नात हमखास येणारी चूक म्हणजे पूर्ण १२ व्होल्ट त्या एकाच रोधाला लावायचे: १२ × १२ ÷ ४ = ३६ वॅट. हा मुलगा एकूण रोध आणि धारा काढतच नाही, पहिले दोन टिकमार्क गेले. सूत्र खरं आहे पण किंमत चुकीची घातली, तिसराही गेला. त्याला मी शून्य देईन, कोणी सूत्राचा अर्धा देईल, चालेल, पण जे काय ते आधी ठरवा आणि सगळ्यांना सारखं लावा.

दुसरी चूक वेगळी आहे. एखादा एकूण रोध काढताना चुकून समांतर जोडणीचं सूत्र लावतो, एकूण रोध ८ ÷ ६ म्हणजे १.३३ काढतो, धारा ९ अँपिअर येते, आणि शक्ती ९ × ९ × ४ = ३२४ वॅट. उत्तर बघून हसू येतं, पण नीट बघा, चूक एकदाच झालीय. पहिला टिकमार्क गेला, पुढचं सगळं त्याने स्वतःच्या आकड्यावरून बरोबर केलंय. त्याला ४ पैकी ३ मिळायला हवेत. एका चुकीची शिक्षा एकदाच. फक्त शेवटचं उत्तर बघून तपासणारे दोघांनाही शून्य देतात, आणि मग ४ मार्क छापण्यात अर्थच उरत नाही, तो प्रश्न बहुपर्यायीच ठेवायचा ना.

भाषा, इतिहास अशा विषयांत टिकमार्क मोजायला जरा कठीण जातं पण नियम तोच. "तीन कारणे लिहा" ला ३ मार्क, प्रत्येकी १. "तीन कारणे स्पष्ट करा" ला ६, कारणाला १ आणि स्पष्टीकरणाला १. "सविस्तर माहिती लिहा, ५ मार्क" हा प्रश्न मात्र लिहूच नका, त्या ५ मध्ये काय काय अपेक्षित आहे हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. निबंधाला आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे भाग पाडून प्रत्येकाचे मार्क आधीच ठरवा.

तपासा: प्रश्नाच्या मार्कांएवढे टिकमार्क उत्तरात दिसतायत का? कमी असतील तर मार्क कमी करण्यापेक्षा प्रश्नच बदला, कारण मार्क हलवले की पायरी ३ चा तक्ता मोडतो.

## पायरी ५: उपप्रश्नांची साखळी तोडा

(अ) चं उत्तर (ब) मध्ये, (ब) चं (क) मध्ये, असा प्रश्न काढायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. ६ मार्कांचा प्रश्न, तीन उपप्रश्न, प्रत्येकी २. जवळजवळ अर्ध्या वर्गाचं (अ) चुकलं आणि सगळे ६ च्या ६ गेले. (क) मध्ये जे विचारलं होतं ते त्यांना येत होतं, वर्गात फळ्यावर करून दाखवलं होतं त्यांनी. सगळे पेपर परत काढून, प्रत्येकाच्या चुकीच्या आकड्यावरून पुढचं गणित नव्याने करत तपासावे लागले, दोन रात्री गेल्या.

उपाय दोन. एकतर प्रश्नातच मध्येच उत्तर देऊन टाका: "विद्युतधारा २ अँपिअर येते हे दाखवा" असं (अ) मध्ये लिहा, म्हणजे (अ) नाही आलं तरी २ अँपिअर घेऊन (ब) सोडवता येतं. नाहीतर (ब) ला वेगळे आकडे द्या.

उपप्रश्नांचे मार्क वेगवेगळे छापा. "प्रश्न ४ (अ), (ब), (क), ६ मार्क" असं एकत्र छापलं की मुलाला वाटतं प्रत्येकी २, आणि तुमच्या मनात असतं १, २, ३.

## पायरी ६: "कोणतेही पाच सोडवा"

पर्याय द्यायचे असतील तर दोन गोष्टी बघा. सगळे पर्याय सारख्याच मार्कांचे हवेत आणि साधारण सारख्याच कष्टाचे. हे दोन्ही नसेल तर पेपर हुशारी तपासत नाही, कोणी नशिबाने सोपा पर्याय उचलला ते तपासतो.

आणि बेरीज. ४ मार्कांचे ७ प्रश्न छापून "कोणतेही ५" म्हटलं की छापील मार्क २८ आणि मोजायचे २०. शीटमध्ये सरळ खाली बेरीज लावली तर ५० ऐवजी ५८ दिसते, लोक घाबरून कुठलातरी चांगला प्रश्न कापतात. शीटमध्ये "छापलेले" आणि "मोजायचे" असे दोन कॉलम करा.

अजून एक, हे फार कमी जण बघतात. धडे मिसळून "७ पैकी ५" दिलं तर मूल एका धड्याचे दोन्ही प्रश्न सोडून देऊ शकतं, म्हणजे पायरी १ मध्ये एवढं घासून काढलेले १९-१३-१२-६ पाण्यात. त्यापेक्षा त्याच धड्यातला "किंवा" द्या: विद्युतधारेचा हा प्रश्न किंवा विद्युतधारेचा तो. तक्ता जागच्या जागी राहतो.

सावध: मुलाने ५ ऐवजी ६ सोडवले तर पहिले ५ धरणार की सगळ्यात चांगले ५? सूचनेत लिहून टाका.

## पायरी ७: बहुपर्यायी प्रश्न आणि वजा मार्क

चार पर्यायांचे १० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. डोळे मिटून ठोकणाऱ्यालाही सरासरी अडीच मिळतात. ५० च्या पेपरमध्ये हे खपून जातं. पण पेपर पूर्ण बहुपर्यायी असेल तर पासाची रेषा ठरवताना हे डोक्यात ठेवा, कारण तिथे शून्य म्हणजे खरं तर २५ टक्के.

वजा मार्क ठेवायचे तर किती? एकाच बरोबर उत्तराच्या प्रश्नासाठी साधा हिशोब: बरोबर उत्तराचे मार्क भागिले (पर्याय वजा १). चार पर्याय असतील तर एक तृतीयांश, पाच असतील तर एक चतुर्थांश. एवढी वजाबाकी ठेवली की नुसतं ठोकणाऱ्याची सरासरी बरोबर शून्यावर येते. १ मार्काला ०.३३ वजा केलं तर परत ती दशांशाची कटकट, म्हणून चार पर्यायांना बरोबर ३, चूक वजा १ ठेवा, सगळे आकडे पूर्ण राहतात. चार पर्यायांना अधिक ४ वजा १ ठेवलं तर ठोकणाऱ्याला दर प्रश्नामागे सरासरी पाव मार्क फुकट मिळतो, चालत असेल तर ठेवा, पण माहीत असू द्या.

चूक की बरोबर अशा प्रश्नांना दोनच पर्याय, तिथे सूत्राप्रमाणे पूर्ण मार्क वजा करायला लागतील. लहान मुलांना हे लावू नका, घाबरून कोरं सोडतात.

एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असलेल्या प्रश्नात एक मोठं भोक असतं. पाच पर्याय, त्यातले दोन बरोबर, प्रत्येक बरोबर निवडीला १ मार्क, चुकीच्या निवडीला काही नाही. मूल पाचही पर्याय टिक करतं आणि २ पैकी २ घेऊन जातं! एकतर चुकीच्या निवडीला वजा ठेवा (पण प्रश्नाची एकूण शून्याखाली जाऊ देऊ नका), नाहीतर "नेमके दोन निवडा" असं सांगा आणि जास्त निवडले तर शून्य.

## पायरी ८: तीन वेगवेगळ्या बेरजा

एकच बेरीज तीनदा करू नका, एकदा चुकलेली नजर तीच चूक परत करते. वेगवेगळ्या दिशांनी करा:

१. प्रश्न क्रमांकाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोजायचे मार्क.
२. धड्यांनुसार, तक्त्याशी जुळतात का.
३. छापलेल्या अंतिम पानावरून, हातात पेन घेऊन, जणू पेपर पहिल्यांदाच बघताय.

तिसरी बेरीज वगळू नका. शीटमध्ये सगळं बरोबर असतं आणि टाइप करताना (क) चे २ मार्क राहून जातात, किंवा जुन्या पेपरवरून कॉपी-पेस्ट करताना जुना "३ मार्क" तसाच चिकटून येतो. आणि वरती "एकूण गुण" आणि "वेळ" हे दोन आकडे, ते तर हमखास मागच्या परीक्षेचे असतात.

ऑनलाइन टेस्ट असेल तर अजून एक फेरी लागते. गूगल फॉर्मसारख्या ठिकाणी सेटिंगमध्ये आधी ठरवून ठेवलं नसेल तर प्रत्येक प्रश्नाला मार्क हाताने टाकायला लागतात, विसरलात तर प्रश्न शून्य मार्कांचाच राहतो, मूल बरोबर सोडवतं आणि मिळत काहीच नाही. मूडल या ऑनलाइन वर्ग आणि टेस्ट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नांच्या मार्कांची बेरीज वेगळी आणि टेस्टचे कमाल गुण वेगळे असतात, बेरीज ५० असली आणि कमाल गुण १० वर राहिले तर ४० मिळवणाऱ्याला ८ दिसतात आणि पालकांचा फोन येतो. स्वतःच एकदा सगळं बरोबर सोडवून सबमिट करा. पूर्ण मार्क पडले तरच लिंक पाठवा.

## पेपर झाल्यावर: दोन गोष्टी बघायच्या

पहिली, कागदावरचं वजन आणि खरं वजन. समजा भाग अ २० मार्कांचा आणि भाग ब पण २० मार्कांचा. भाग अ मध्ये सगळ्यांना १७ ते २०, भाग ब मध्ये ३ ते १८. कागदावर दोन्ही सारखे, पण नंबर कोणाचा वर आणि कोणाचा खाली हे जवळजवळ पूर्ण भाग ब ने ठरवलं, भाग अ ने कोणाला मागे-पुढे केलंच नाही. मुलांना येतं की नाही एवढंच बघायचं असेल तर यात वाईट काही नाही. पण गुणानुक्रम लावायचा असेल तर पुढच्या वेळी भाग अ जरा कठीण करा, नुसते मार्क वाढवून काही होत नाही.

दुसरी, एखादा प्रश्नच चुकीचा निघाला तर. समजा २ मार्कांचा प्रश्न रद्द करायचाय. दोन पद्धती, आणि दोन्हींचं उत्तर वेगळं येतं. सगळ्यांना २ मार्क देऊन टाका, किंवा तो प्रश्न काढून ४८ पैकी मार्क धरा आणि ५० वर आणा. बाकीच्या प्रश्नांत ३६ मिळवणाऱ्याला पहिल्या पद्धतीने ३८, दुसरीने ३७.५. पण १२ मिळवणाऱ्याला पहिल्या पद्धतीने १४ आणि दुसरीने १२.५. सरसकट मार्क दिले की खालच्या मुलांना जास्त फायदा होतो, वरच्यांना जवळजवळ काहीच नाही. पासाच्या रेषेजवळ बरीच मुलं असतील तर हा दीड मार्क कोणाचा तरी निकाल बदलतो, म्हणून कुठली पद्धत लावली ते निकालासोबत एका ओळीत लिहा.

आणि अर्धे मार्क. प्रत्येक प्रश्नाला वर ओढून पूर्ण करू नका, सात ठिकाणी अर्धा-अर्धा ओढला तर साडेतीन मार्क फुकट जातात. सगळी बेरीज अर्ध्यांसकट करा आणि एकदाच, अगदी शेवटी, पूर्णांकात आणा.